शर्ट काढायला लाजणाऱ्या भाच्याला

लेकरा, ताई फोनवर सांगत होती की मे महिन्याच्या उन्हातही तू शर्टाखाली दोन दोन बनियन घालतोस आणि शाळेच्या कबड्डीतून नाव काढून घेतलंस. तिला कारण कळलं नाही, मला लगेच कळलं. नांदेडला डॉक्टर लेनजवळ मेडिकल चालवणाऱ्या माणसाला तुझ्या वयाची पोरं काय विचारायला येतात आणि काय न विचारताच परत जातात, हे चांगलं ठाऊक असतं. तुझ्या बोंडाखाली गाठ लागतेय, नाहीतर छाती पुढं आलेली दिसतेय. बरोबर ना? मग हे कानमंत्र खास तुझ्यासाठी. लातूरच्या होस्टेलवर हवं तर दार लावून वाच, पण वाचून झालं की दार उघड.

१. पहिली गोष्ट, घाबरू नको — वयात येणाऱ्या निम्म्याच्या आसपास मुलांना हे कमी-अधिक होतंच, फक्त वर्गात कुणी हात वर करून सांगत नाही.

२. तेराव्या-चौदाव्या वर्षी ते सगळ्यात जास्त दिसतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं — सतरावं उलटल्यावरही ज्यांची गाठ राहते अशी मुलं थोडीच.

३. डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात. प्रत्येक पुरुषाच्या अंगात थोडं इस्ट्रोजेन असतंच — वयात येताना टेस्टोस्टेरॉनला जम बसवायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात छातीतली ग्रंथी फुगते.

४. एकाच बाजूला आली, किंवा डावी मोठी नि उजवी लहान, म्हणून वेगळा अर्थ काढू नको — दोन्हीकडची वाढ एकाच वेळी, एकाच मापानं व्हायलाच हवी असं नाही.

५. शर्ट घासला तरी झोंबतं, पालथं झोपलं की दुखतं, हेही यातच आलं — गाठ नवी असते तेव्हाच ती जास्त हुळहुळते, जुनी झाली की दुखणं कमी होतं.

६. हे झालं म्हणजे आपण पुरुष कमी, ही शंका मनातून काढून टाक — वयात येताना होणाऱ्या साध्या गाठीचा दाढी-मिशीशी, लग्नाशी, पुढं बाप होण्याशी काही संबंध नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुला आठवणार नाही. तू जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात तुझी छाती अशीच फुगली होती. आईच्या अंगातली संप्रेरकं वारेतून बाळाकडे जातात, त्यानं होतं ते, मुलगा असो की मुलगी. कधी कधी दुधाचा थेंबही येतो. आपल्याकडं अंघोळ घालणाऱ्या बाया तेव्हा बाळाची छाती पिळायच्या, अजूनही काही ठिकाणी पिळतात, आणि त्यातून पू होऊन लेकरं दवाखान्यात येतात. तुझ्या आजीनं त्या बाईचा हात धरला होता. ‘हात लावू नको, आलंय तसं जाईल,’ म्हणाली. आणि गेलं. पुरुषाच्या आयुष्यात हे तीनदा येऊ शकतं: जन्मल्यावर, वयात येताना आणि म्हातारपणी. तू आत्ता मधल्या फेरीत आहेस, आणि आजीचा नियम अजून तोच आहे.

७. म्हणून पिळू नको, दाबून ‘फोडायचा’ प्रयत्न करू नको, मित्राच्या सांगण्यावरून चुना-बिना तर अजिबात लावू नको — आत पू नसतो, ग्रंथी असते. ती फुटत नाही, कातडी मात्र भाजते.

८. एकदाच नीट तपास. उताणा झोप, अंगठा आणि तर्जनी दोन बाजूंनी बोंडाकडे सरकव — बोंडाखाली पाच रुपयांच्या नाण्यासारखी रबरी चकती लागली तर ती ग्रंथी, आणि बोटं न अडता भिडली तर नुसती चरबी.

९. ज्या महिन्यात पहिल्यांदा लक्षात आलं तो महिना वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव — डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि ‘लई दिवस झाले’ या उत्तरावरून त्यांना काही कळत नाही.

१०. मग तीन महिने हात लावू नको. रोज आरशापुढं उभं राहून रोज चाचपलं तर गाठ रोज वाढल्यागत वाटते — शिवाय सारखं दाबल्यानं दुखणं वाढतं ते वेगळंच.

आता घरी सांगायचं. मला माहीत आहे, तुला सगळ्यात अवघड हेच वाटतंय. पण लक्षात ठेव: विचारलं तर दोन मिनिटं, दडवलं तर दोन वर्षं.

११. बाबांना सांगायचं तर मोटारसायकलवर मागं बसून सांग, नाहीतर शेतात पाणी देताना — दोघांची नजर समोर असली की अवघड वाक्यं लवकर बाहेर पडतात.

१२. वाक्य आधीच तयार ठेव: ‘बाबा, छातीत गाठ लागतेय, दुखते, डॉक्टरला दाखवायचीय.’ एवढंच — प्रस्तावना लांबली की बाबांना वाटतं परीक्षेत काहीतरी घोळ झालाय, आणि ते भलत्याच गोष्टीची तयारी करून बसतात.

१३. बाबा पहिल्यांदा ‘काही नाही रे, जाईल’ म्हणाले तर रागावू नको, आठ दिवसांनी पुन्हा सांग — त्यांच्या वयात त्यांनाही बहुधा झालं असेल, आणि त्यांना कुणी विचारलं नसेल.

१४. आईला सांगायला लाज वाटत असेल तर मला सांग, मी ताईशी बोलतो. पण आईपासून तुटून वागू नको — तू जेवताना मान खाली घालून बसतोस, एवढ्यावरून ती रात्र रात्र जागते.

१५. होस्टेलवर एक तरी मित्र असा निवड ज्याला हे ठाऊक असेल — अंघोळीच्या रांगेत, पोहायला जाताना, कुणी टवाळी सुरू केली तर बाजूला उभं राहायला एक माणूस पुरतो.

डॉक्टरकडे एकदा जाऊन यायचंच. बहुतेकांना तिथून ‘थांबा आणि बघा’ एवढंच ऐकायला मिळतं, पण ते डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की झोप लागते.

१६. लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे, नांदेडला विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ — उशिरा गेलास की रांगेतच दुपार होते आणि धीर सुटतो.

१७. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, त्याची चौकशी कर — तिथं बसलेल्या माणसाला तुझ्या वयाचे प्रश्न ऐकायची सवय असते, तुला शब्द शोधत बसावं लागत नाही.

१८. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं तर त्या दिवशी दांडी मारू नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला, तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे — डॉक्टर दारात आलेला असताना लपून बसणं म्हणजे पुढच्या एका फेरीचं भाडं.

१९. डॉक्टर छाती बघतील, काखेत चाचपतील आणि अंडकोषही तपासतील, त्याची मनाची तयारी ठेव — टेस्टोस्टेरॉन तिथंच तयार होतं, म्हणून तो भाग बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

२०. बाबांसमोर बोलायला अवघडत असेल तर ‘डॉक्टर, दोन मिनिटं तुमच्याशी एकट्यानं बोलू का’ असं सरळ विचार — चांगला डॉक्टर नाही म्हणत नाही, आणि बाबाही बाहेर जाऊन चहा घेतात.

२१. घेत असलेली प्रत्येक गोळी सांग, जिममधली पावडरसुद्धा. आम्लपित्ताच्या, बुरशीच्या, मनाच्या आजाराच्या काही औषधांनी अशी गाठ येते — पण म्हणून चालू औषध स्वतःच्या मनानं बंद करू नको, ते बदलायचं काम डॉक्टरचं.

२२. डॉक्टरनी रक्त तपासायला सांगितलं नाही तर ‘करूनच घेऊ’ असा हट्ट धरू नको — तुझ्या वयात नेहमीचीच गाठ असेल तर हातानं तपासलेलं पुरतं, आणि उगीच काढलेल्या रिपोर्टमधला एखादा आकडा पाहून घरभर काळजी पसरते.

पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर ‘थांबू आणि बघू’ चालत नाही. या नीट वाच, घाईनं नको.

२३. गाठ दगडागत कडक असेल, बोंडाच्या मधोमध नसून एका बाजूला असेल, वरची कातडी ओढली जात असेल किंवा बोंडातून रक्त अथवा दुधागत पाणी येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखव — तुझ्या वयात कॅन्सर अगदीच दुर्मीळ, पण ही शंका घरात बसून मिटत नाही.

२४. अंडकोषात गाठ, सूज किंवा जडपणा वाटला तर लाज बाजूला ठेवून लगेच सांग — काही वेळा छातीतल्या गाठीचं मूळ तिथं असतं, आणि लवकर सापडलं तर ते बरं होतं.

२५. दहा वर्षांच्या आतल्या, अंगात वयात येण्याची काही खूण नसलेल्या मुलाला अशी गाठ आली, किंवा काही महिन्यांत झपाट्यानं वाढली, तर वाट बघायची नाही — ती नेहमीची गाठ नसण्याची शक्यता असते.

२६. उंची भराभर वाढली पण अंडकोष लहानच राहिले, दाढी-मिशी फुटेना, तर डॉक्टर क्लाइनफेल्टर सिंड्रोमची तपासणी सांगतात. त्यात मुलाला एक एक्स गुणसूत्र जास्त असतं. १९४२ साली त्याचं पहिलं वर्णन झालं — आज त्यावर नीट उपचार आहेत, म्हणून कळलेलं बरं.

माझ्या दुकानात काय होतं ते सांगतो. रात्री साडेनऊच्या सुमाराला, गिऱ्हाईक सरलं की एखादा पोरगा पायरीवर घुटमळतो. आधी बाम मागतो. सुटे पैसे मोजत राहतो. मग हळूच मोबाइल पुढं करतो, त्यावर एका क्रीमची जाहिरात असते: आठवड्यात छाती सपाट. मी शटर अर्धं खाली ओढतो, त्याला आत स्टुलावर बसवतो आणि विचारतो, ‘घरी कुणाला माहीत आहे?’ मान नाही म्हणून हलते. क्रीम मी देत नाही. एका चिठ्ठीवर ओपीडीचा वार आणि वेळ लिहून देतो. काही जण चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवतात, तेव्हा मला बरं वाटतं. काही जण म्हणतात, ‘दुसऱ्या दुकानात मिळेल.’ मिळतंही. औषध दुकानात मिळतं बाळा, निदान मिळत नाही.

२७. जाहिरातीतल्या मलमानं छातीची ग्रंथी विरघळत नाही, म्हणून त्यावर पैसे घालवू नको — घाईचं मलम, वर्षाची खाज. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होते.

२८. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी काही डॉक्टर निवडक मुलांना, गाठ नवी आणि फार दुखरी असेल तर देतात. तू ती मोबाइलवर वाचून मागायची नाहीस — मूळची ती स्तनाच्या कॅन्सरची गोळी आहे, आणि तिच्यावर डॉक्टरची नजर लागते.

२९. जिममध्ये कुणी ‘कोर्स कर, इंजेक्शन घे’ म्हणालं तर तिथून निघून ये — बाहेरून घातलेलं टेस्टोस्टेरॉन अंगात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, छाती आणखी वाढते आणि अंडकोष आक्रसतात.

३०. वजन वाढवायच्या बिननावाच्या गोळ्या आणि पावडरींपासून लांब राहा — डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे, याचा ताळमेळ असेलच असं नाही.

३१. सोयाबीन खाल्ल्यानं छाती वाढते, हे लातूरच्या पोरानं तरी मानू नये, आपल्या अडत बाजारात त्याचेच ढीग लागतात. अमेरिकेत साठ वर्षांच्या एका माणसाला असा त्रास झाल्याची नोंद २००८ सालची आहे, पण तो रोज जवळजवळ तीन लिटर सोया दूध पीत होता — मेसमधल्या सोयाबीनच्या भाजीच्या वाटीनं काही होत नाही.

३२. उपाशी राहून छाती उतरवायला जाऊ नको. दुसऱ्या महायुद्धातल्या कैदेतून सुटलेल्यांना नीट जेवण मिळायला लागल्यावर छातीत गाठी आल्या होत्या, डॉक्टरांनी ते लिहून ठेवलंय — उपासमार आणि मग भरपेट जेवण, या उलथापालथीत संप्रेरकांचा तोल जातो.

३३. वजन खरोखर जास्त असेल तर ते सावकाश उतरव: संध्याकाळचा वडापाव आणि कोल्ड्रिंक आठवड्यातून एकदा, रोज भाकरी, वरण, पालेभाजी, ताक — चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, म्हणून चरबी कमी झाली की दोन्ही बाजूंनी फायदा.

३४. दंड-बैठका मार, जरूर मार, पण गाठ जाईल म्हणून नको — व्यायामानं ग्रंथी विरघळत नाही. खांदे रुंद होतात, पाठ सरळ होते, आणि शर्ट अंगावर वेगळा बसतो.

कपड्यांचं मी मुद्दाम जरा जास्त सांगणार आहे, कारण तुझा रोजचा त्रास तिथंच आहे.

३५. आधी खांदे मागं घे. वाकून चाललास की शर्ट पुढं लोंबतो आणि नेमकं तेच दिसतं — लपवली गाठ, वाकली पाठ. गाठ दोन वर्षांत जाते, पोक राहतो.

३६. दोन बनियनऐवजी बाह्यांचा एकच जाडसर सुती बनियन घाल, पांढऱ्या युनिफॉर्मखाली राखाडी रंगाचा — पांढऱ्याखाली पांढरा उठून दिसतो, राखाडी दिसत नाही.

३७. शर्ट ना घट्ट ना ढगळ, खांद्याच्या मापाचा घे. चौकडी किंवा गडद रंग, दोन्हीकडं खिसे असतील तर उत्तम. चकचकीत टी-शर्ट कपाटात राहू दे — तसलं कापड अंगाला चिकटतं आणि प्रत्येक उठाव दाखवतं.

३८. छातीला पट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी गुंडाळू नको — आपल्याकडं पारा बेचाळीसवर जातो, आत घामोळ्या आणि नायटा होतो, आणि मैदानावर श्वास पुरत नाही.

३९. दाबून धरणारा बनियन घ्यायचाच असेल तर लग्नाला किंवा स्नेहसंमेलनाला, काही तासांपुरता, आणि झोपताना काढायचा — तो दिसणं कमी करतो, गाठ कमी करत नाही.

४०. खेळताना बोंडं घासून सोलवटत असतील तर थोडं व्हॅसलीन लावून मैदानात जा — एवढ्याशा दुखण्यापायी कबड्डी सोडायची नाही.

४१. हरिश्चंद्र बिराजदार आपल्याच लातूर जिल्ह्याचे. १९७० साली एडिंबराला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी कुस्तीत सोनं जिंकलं. या मुलखात पोरं उघड्या अंगानं मातीत उतरतात, तू बनियन घालून उतर, पण उतर — तेराव्या वर्षी सुटलेला खेळ सोळाव्या वर्षी हाताला लागत नाही.

४२. पोहायचं असेल तर गडद रंगाचा टी-शर्ट घालून विहिरीत उडी मार — पाठीला डबा बांधून पोहायला शिकणाऱ्यांना कुणी हसत नाही, मग टी-शर्टाला का हसावं?

चिडवणाऱ्यांबद्दल आता. पोरं चिडवतात तेव्हा निम्म्यांना स्वतःच्या शर्टाखाली काय चाललंय याचीच भीती असते. पण तुला होणारा त्रास त्यानं कमी होत नाही, हेही मला कळतं.

४३. उत्तर एकच आणि लहान ठेव: ‘वयात येताना होतं, डॉक्टरला दाखवलंय.’ चावट तोंडाला चार शब्द पुरे — खुलासा लांबला की त्यांना पुढचा विनोद सापडतो.

४४. बोलण्यापुरतं असेल तर सोडून दे, पण कुणी छातीला हात घातला, पिळलं, तर ती मस्करी नाही. त्याच दिवशी वॉर्डनला आणि घरी सांग — २०१२ चा पॉक्सो कायदा मुलींइतकाच मुलांनाही लागू आहे.

४५. अंघोळीच्या वेळी कुणी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, तर रागात डिलीट करायला लावू नको. आधी स्क्रीनशॉट ठेव आणि मोठ्यांना दाखव. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, वसतिगृहही त्यात येतं — पुरावा असला की ‘आम्ही काही केलंच नाही’ म्हणता येत नाही.

४६. रात्री फार वाईट वाटायला लागलं, अभ्यास डोक्यात शिरेना, जगूच नये असं मनात आलं, तर त्या क्षणी मला फोन कर, किती वाजले ते बघू नको. माझा लागला नाही तर टेलिमानसचा १४४१६ लाव — तिथं रात्रंदिवस माणूस असतो, मराठीत बोलतो, आणि पैसे लागत नाहीत.

पुढचं थोडं, कारण तुझ्या बाबतीत बहुधा त्याची गरजच पडणार नाही.

४७. अठराव्या वर्षापर्यंत गाठ राहिली, वर्षभर वाढली नाही की कमी झाली नाही, आणि तुला ती खरोखर सलत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार कर — लवकर केली आणि वयाची वाढ चालूच असली तर ती पुन्हा येऊ शकते.

४८. ही शस्त्रक्रिया नव्या फॅशनची नाही, सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्यानं तिची रीत लिहून ठेवली होती. आता बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेनं लहान छेद घेतात — तिथला व्रण लवकर नजरेत येत नाही.

४९. जाहिरात बघून नाही, पदवी बघून डॉक्टर निवड: एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी. रक्त साकळणं, छाती एकसारखी न दिसणं, बोंडाची संवेदना कमी होणं, हे धोके तोंडानं विचारून घे — जो डॉक्टर धोके सांगतो तो नंतर फोनही उचलतो.

५०. काही आठवडे घट्ट बनियन घालावा लागतो आणि वजन उचलायचं नसतं, म्हणून ‘नीट’ परीक्षेनंतरचा मे महिना धरू नको, दिवाळीची सुट्टी धर — लातूरच्या उन्हात तो बनियन अंगावर ठेवणं फार अवघड. विमा असेल तर आधी विचार, पुष्कळ कंपन्या याला सौंदर्याची शस्त्रक्रिया म्हणून पैसे देत नाहीत.

५१. वर्दीचं मनात असेल तर हे आत्ताच ऐकून ठेव. पोलीस भरतीत छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढावी लागते, तिथं शर्ट काढावाच लागतो. सैन्याच्या मेडिकलमध्ये तर अशी गाठ दिसली की थांबवतात आणि उपचार करून यायला सांगतात. जे करायचं ते भरतीच्या कितीतरी महिने आधी कर — जखम भरायला वेळ लागतो, आणि भरतीची तारीख तुझ्यासाठी थांबत नाही.

५२. डॉक्टरनं काहीही न करता परत पाठवलं तरी केसपेपर फाइलला लाव, आणि सहा महिन्यांनी तोच घेऊन जा — पहिलं माप कागदावर असलं की वाढली की ओसरली, हे मिनिटात कळतं.

५३. तुझा धाकटा आता दहा वर्षांचा आहे. त्याला बारावं लागलं की एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हे सगळं सांगून टाक — त्याच्या हाताला गाठ लागेल तेव्हा तो दुसरा बनियन शोधणार नाही, तुला शोधेल.